शेपटीविना फेरी

वाहनाला होणारा हवेचा विरोध कमी करण्यासाठी कंपनीनं सर्वांकडून सूचना मागवल्या, आणि त्या वाचण्याचं काम धाकटीच्या गळ्यात पडलं. चाचणी विभागात तिला एकोणीस वर्षं झाली होती. दोनशे अकरा सूचना तिनं वाचून काढल्या. ट्रकच्या पत्र्याला हातोडीनं गोल्फच्या चेंडूसारखे खळगे पाडावेत, असं एकानं कळवलं होतं. दुसऱ्यानं टपाला दर सकाळी तेल चोळायला सांगितलं होतं. तिसऱ्याचं म्हणणं असं की गाडी उलटीच चालवावी, कारण तिची मागची बाजू पुढच्यापेक्षा निमुळती असते. ही त्यातल्या त्यात शहाणी सूचना होती. धाकटीनं प्रत्येकीखाली कारणासह ‘नामंजूर’ लिहिलं आणि रोज घरी जाऊन, चपलाही न काढता, पलंगावर आडवी झाली.

दोनशे बारावी सूचना तिच्या थोरल्या भावाची निघाली.

दादा ताडपत्र्या शिवायचा. रस्त्यावरच्या ट्रकांवर एकेक करून बंद पत्र्याच्या पेट्या आल्या, आणि त्याच्या तीन शिवणयंत्रांपैकी दोन गेली. मग ज्या पेट्यांनी धंदा बुडवला त्यांच्याच पाठीसाठी त्यानं एक शेपटी शिवली. मागच्या दारांवर दोरीनं आवळायची, टोकाकडे निमुळती होत जाणारी, धावताना फटीतून शिरणाऱ्या वाऱ्यानं फुगणारी कापडी पिशवी. कल्पना वेडगळ नव्हती. ट्रकच्या चौकोनी पाठीमागे हवा घोटाळते आणि गाडीला मागे ओढते. पाठ निमुळती केली की ही ओढ कमी होते. ताठ फळ्यांची शेपटी हे करून दाखवते. कापडाची दाखवेल, यावर मात्र धाकटीचा विश्वास नव्हता.

तीन टक्के फरक निघाला तर कंपनी चाळीस ट्रकांच्या शेपट्या दादाकडून शिवून घेणार होती. नाही निघाला तर तिसरं यंत्रही विकायचं, असं त्यानं ठरवलं होतं.

“अर्जदार माझा सख्खा भाऊ आहे,” असं तिनं साहेबांना लेखी कळवलं. साहेबांनी खाली शेरा मारला, “मग? दुसरं कोण रिकामं आहे?”

चाचणीची रीत साधी होती. सपाट धावपट्टीवर ट्रक ऐंशीच्या वेगाला न्यायचा, न्यूट्रलमध्ये सोडायचा आणि वेग चाळीसवर उतरायला किती सेकंद लागतात ते मोजायचं. वेळ जितका जास्त, तितका विरोध कमी. आधी सहा फेऱ्या शेपटीविना, मग सहा शेपटीसह. त्याहीआधी चाळीस मिनिटं ट्रक नुसता पळवून टायर तापवायचे, कारण गार टायर गाडीला जास्त धरून ठेवतात. हा शेवटचा नियम धाकटीनंच घातलेला होता.

“मॅडम, टायर तापवून घेऊ?” ड्रायव्हरनं विचारलं.

धावपट्टी चारपर्यंतच मिळाली होती. तिच्या पोटऱ्या सकाळपासून ठणकत होत्या. आणि निकाल तर तिनं मनात केव्हाच लिहून टाकला होता.

“राहू द्या. सुरू करा.”

सहा फेऱ्या झाल्या. दादानं शेपटी आवळली.

“दादा, ट्रकला झोपायची टोपी घातल्यासारखी दिसते हो,” ड्रायव्हर म्हणाला.

“टोपी डोक्यावर घालतात रे. तू कुठं घालतोस ते मला सांगू नकोस.”

आणखी सहा फेऱ्या झाल्या. कठड्याला टेकून धाकटीनं सरासरी काढली. शेपटीविना एकशे अठरा सेकंद, शेपटीसह एकशे पंचवीस. जवळजवळ सहा टक्के. तिनं पुन्हा बेरीज केली. तेवढंच आलं.

“बोल की गं!” दादा म्हणाला. तिनं कागद पुढे केला. त्यानं तो वाचला, खिशातून चष्मा काढून पुन्हा वाचला आणि फोन घेऊन ट्रकच्या पलीकडे गेला.

धाकटीला आनंद झाला, आणि त्या आनंदात ती सवयीनं आकड्यांच्या रांगेवरून बोट फिरवत राहिली. एकशे चौदा, सोळा, अठरा, एकोणीस, एकवीस, बावीस. शेपटीविनाच्या फेऱ्या जिन्यासारख्या वर चढत गेल्या होत्या. शेपटीसहच्या सगळ्या पंचवीस-सव्वीसला सपाट. वारा तर सकाळपासून पडलेला होता. फेरीगणिक बदलत होते ते फक्त टायर.

कागद घडी करून ठेवला असता तर कोणी विचारलं नसतं. साहेब तर सरासरीच्या वरचं काही वाचतच नसत.

“दादा, फोन करू नकोस.”

“केला पण,” तो हसत परत आला. “तुझी वहिनी रडायला लागली, वेडी.”

“शेपटी काढून आणखी चार फेऱ्या घ्याव्या लागतील.”

“आता कशाला? निघाले ना सहा टक्के?”

“सकाळी टायर गार होते. मी तापवले नाहीत. ही वाढ त्यांची असू शकते.”

ड्रायव्हर पुढे झाला, तसं दादानं त्याला हातानं अडवलं. “मी काढतो. तू फाडशील.”

शेपटीविना चार फेऱ्या झाल्या. एकशे पंचवीस. सव्वीस. पंचवीस. सव्वीस.

चौथा आकडा दादानं स्वतः लिहिला.

“तू का नाही तापवलेस?” त्यानं विचारलं.

“मला वाटलं, काही निघणारच नाही. मग कशाला तापवायचे?”

“बरोबर वाटलं तुला.”

“बरोबर वाटलं. मोजलं चुकीचं.” अहवालाच्या कोऱ्या पानावर तिनं पहिली ओळ लिहिली: पहिल्या सहा फेऱ्या बाद, चूक परीक्षकाची.

दादा शेपटी शिवणीला शिवण लावून दुमडत होता. त्याच्या हातांना दुसरी रीत ठाऊकच नव्हती. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. त्यानं पडद्यावरचं नाव पाहिलं, फोन वाजू दिला, आणि मग धाकटीपुढे धरला.

“तू सांग. माझ्यानं नाही व्हायचं.”

तिनं पेन खिशात अडकवलं आणि फोन घेतला.

“वहिनी, मी बोलतेय,” ती म्हणाली. “टायरपासून सुरुवात करते.”