माझ्या पोटातला शंख

मित्रांनो, नीरफणसाच्या सावलीत, आइस्क्रीमच्या एका रिकाम्या डब्यात मी राहतो. मी तळहाताएवढा, जुना संगणक आहे. मला पडदा नाही, कळफलक नाही. डब्याचे झाकण एके काळी पिवळेधमक होते. खाऱ्या वाऱ्याने आता ते दह्यासारखे पांढरट झाले आहे.

माझ्यासमोर सिमेंटच्या टाक्या आहेत आणि त्यांत शिंपले वाढतात. मोठे झाल्यावर एकेका शिंपल्यात तान्हे बाळ निजवता येईल! पण माझ्यापाशी असतात तेव्हा ते नखाएवढे असतात, आणि पंपाने समुद्राचे ताजे पाणी येत राहिले तरच जगतात. पंप थांबला की पाणी तापते आणि ते एकेक करून तोंड वासून मरतात. त्या पंपावर नजर ठेवणे हेच माझे काम.

माझा जन्म मात्र या कामासाठी झाला नव्हता. ऑकलंड शहरात एका दुकानाच्या पडद्यावर मी जाहिराती फिरवीत असे. दुकान बंद पडले आणि मी भंगाराच्या खोक्यात जाऊन पडलो. तेथून मला फुआतीनोने उचलले. ती त्या शहरात संगणक दुरुस्त करीत असे. सामोआ बेटांवर, आपल्या गावी कायमची परतताना तिने मला कपड्यांच्या घडीत गुंडाळून आणले.

तिची आत्या सिनिवा गावच्या महिला मंडळाची प्रमुख होती. टाक्या मंडळाच्याच होत्या. आदल्या साली पंप बंद पडल्याचे कोणाला कळले नाही आणि सगळी पिल्ले मेली. खडकांवरचे शिंपले तर वादळांनी आणि माणसांच्या हावरेपणाने केव्हाच संपले होते. टाकीतली ही नवी पिल्ले गेली असती, तर पुन्हा बी कोठून आणायचे, हे कोणालाच ठाऊक नव्हते.

सिनिवाने मला चिमटीत धरून पाहिले.

"हा बिस्किटाचा तुकडा माझी पोरं सांभाळणार?"

"सांभाळेल, आत्या. आधी त्याचं डोकं रिकामं करायला हवं."

मित्रांनो, माझ्या डोक्यात लिनक्स नावाची संगणकप्रणाली आहे. हे मन कोणालाही उघडून पाहता येते आणि त्यातले हवे तेवढेच घेता येते. तेव्हा त्यात नको नको ते भरलेले होते. चित्रे होती, गाणी होती, कधीही न भेटलेल्या छपाईयंत्रांची ओळख होती. जागे व्हायला मला इतका वेळ लागे, की तेवढ्यात सिनिवाचा कोको उकळून निवत असे.

फुआतीनो आपल्या मोठ्या संगणकासमोर बसली आणि एकेक गोष्ट निवडू लागली. पंप चालू आहे की बंद, हे ओळखता यायला हवे. पाणी किती तापले, हे कळायला हवे. फोनवर निरोप धाडता यायला हवा. अडकून पडलो, तर आपले आपण पुन्हा उठता यायला हवे. बाकी सगळे तिने काढून टाकले. आवाजही काढला. "तुला कुठं गप्पा मारायच्यात?" ती मला म्हणाली.

निवडून झाले, की तिचा संगणक त्या सगळ्याचे मिळून एक नवे मन तयार करायला घेई. घडी घालून एकाच फाईलीत ठेवलेल्या त्या मनाला हे लोक इमेज म्हणतात. ती तयार व्हायला दिवस जाई. आमच्याकडे उमू लावतात ना, तसेच ते. तापल्या दगडांवर अरवी आणि नीरफणस ठेवायचे, वर पाने झाकायची आणि मग वाट पाहायची. मधेच उघडून मीठ घालता येत नाही. राहिले ते राहिले. पुन्हा पहिल्यापासून लावायचे.

"झालं का गं?" सिनिवा दारातून विचारी.

"नाही, आत्या."

"वास तरी सुटलाय का?"

शेवटी इमेज तयार झाली. गावात वीज लहर लागेल तशी जाते, म्हणून फुआतीनोने ती माझ्यात जणू कुलूप लावून ठेवली. मला ती वाचता येते, खरवडता येत नाही. वीज अर्ध्या वाक्यात गेली तरी उठल्यावर मी तोच असतो. या गोष्टीचे मला फार सुख वाटते.

डोळे मिटून उघडावेत इतक्या झटपट मी जागा होऊ लागलो. पंप जरा कुरकुरला, की फोनवर निरोप जाई. सिनिवा येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून माझा डबा दाखवी.

पण आमच्या गावाला एक शिस्त आहे. तिन्हीसांजेला वृद्ध प्रमुख मुलीआगा शंख फुंकतात. त्यांचा लांब सूर घुमला, की 'सा' सुरू होते. प्रत्येक घर आत बसून प्रार्थना करते. रस्त्यावर कुत्र्याखेरीज कोणी नसते आणि फोन ओसरीवरच्या टोपलीत निजतात. नेमका तेव्हाच एकदा पंप थांबला. मी निरोपामागून निरोप धाडले. ते सगळे टोपलीत जाऊन पडले. भजने संपली, तेव्हा एका टाकीतली सगळी पिल्ले मेली होती.

सिनिवा टाकीच्या काठावर बसून राहिली.

"याला भोंगा लावते," फुआतीनो म्हणाली.

"चालायचं नाही," मुलीआगा म्हणाले. "त्या वेळी गावात आवाज दोनच. माझा शंख आणि देवाचं गाणं."

"मग मरू देत पोरं?" सिनिवा उसळली.

"असं म्हटलं का मी? माझाच शंख घाला त्याच्या पोटात. तो गावाचाच आवाज आहे."

दुसऱ्या दिवशी ते स्वच्छ सदरा घालून, नवी लुंगी नेसून आणि डोक्याला खोबरेल तेल लावून आले.

"आजोबा, आवाज घ्यायचाय. फोटो नाही."

"शंखाला कळतं, पोरी."

त्यांनी छाती भरून शंख फुंकला. फुआतीनोने फोनमध्ये तो सूर साठवला, डब्यात मला एक भोंगा जोडला, माझा काढून टाकलेला आवाज पुन्हा निवडला आणि नवी इमेज शिजवली. माझ्या पोटात शंख आला. मी फुशारून गेलो.

मग एके दिवशी, भर दुपारी, पाइपाच्या तोंडात एक जेलीफिश अडकला आणि पंप थांबला. मी सगळा जोर लावून शंख फुंकला.

मैदानातल्या मुलांनी चेंडू टाकून घरे गाठली. दुकानाचे दार लागले. फोन, माझ्या निरोपांसकट, टोपलीत गेले. बायकांनी वाळत घातलेल्या चटया तशाच सोडल्या. आणि घराघरांतून भजन सुरू झाले! फुआतीनोही आत्याशेजारी मान खाली घालून बसली. तिला वाटले, आज काही विशेष प्रार्थना असेल. मी पुन्हा फुंकला. मी जितका फुंकत गेलो, तितके गाव अधिकच स्तब्ध बसले. इकडे पाणी तापत होते.

मुलीआगा तेव्हा खडकांपाशी कमरेएवढ्या पाण्यात जाळे टाकून उभे होते. आपलाच शंख त्यांच्या कानावर आला. शंख तर घरी खुंटीला! ते निथळत गावात धावत आले. 'सा' मोडून रस्त्यावर आलेले त्यांना कोणी कधी पाहिले नव्हते.

"अरे, मी इथं आहे! मग फुंकतंय कोण?"

फुआतीनोने कपाळावर हात मारला. "आजोबा, तुम्ही रोजचाच सूर फुंकलात! आणि मी तोच घातला!"

"रोज तोच फुंकतो. तोंड आपोआप तिकडंच वळलं," म्हातारा पुटपुटला.

सारे गाव टाक्यांकडे धावले. कोणी पाण्यात उडी मारून पाइप मोकळा केला, कोणी रांग करून बादल्या ओतल्या. थोडी पिल्ले गेली, पण बाकीची वाचली. मग सिनिवाला हसू आवरेना.

"देवालासुद्धा प्रश्न पडला असेल, की हे गाव आज दुपारीच कसं सुधारलं!"

होडी उलटली की फुंकायची एक वेगळी, तुटक हाक असते. ती ऐकली, की 'सा' चालू असली तरी उठायचे. ती हाक बऱ्याच वर्षांत कोणी फुंकली नव्हती. मुलीआगांनी ती आठवून आठवून फुंकली आणि फुआतीनोने पुन्हा पहिल्यापासून इमेज लावली. त्यानंतर मी एकही टाकी जाऊ दिलेली नाही. आज खडकांवर निळ्या ओठांचे शिंपले आहेत, आणि पोहून आलेली मुले ते केवढे झाले हे हात पसरून दाखवतात.

मध्यंतरी मात्र मला सगळे विसरले. सगळे सुरळीत चालले, की असेच होते. डब्यात मुंग्यांनी घर केले, कोणी माझ्यावर ओला पंचा वाळत घातला. मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. जे मुकाट काम करते, त्याच्यावरचे मीठ अधूनमधून पुसा. आणि एखादी गोष्ट निरुपयोगी म्हणून काढून टाकण्याआधी, किंवा नवी घालण्याआधी, तिच्यासोबत राहणाऱ्यांना विचारा.

आता मुलीआगांना दात नाहीत. 'सा'चा शंख दुसरेच कोणी फुंकते. त्यांना ऐकूही येत नाही. पण दर वर्षी, वादळांचे दिवस येण्याआधी, गावाला आधी कळवून फुआतीनो माझी हाक तपासते. तेव्हा ते काठी टेकीत येतात आणि माझ्या झाकणावर तळवा ठेवतात. मी फुंकतो. डबा थरथरतो. त्यांचा तळवाही थरथरतो.

"अजून दम आहे म्हाताऱ्यात," ते म्हणतात आणि समाधानाने घरी जातात.