करपवलेला तुकडा

आमच्या तांदिल गावात रविवारी अंगणातल्या निखाऱ्यांवर जो मांस भाजतो, तो घराचा राजा. बाबा अंथरुणाला खिळले तेव्हा आम्ही राजाला पलंगासकट अंगणात आणलं. डॉक्टर धुराला नको म्हणाले होते. बाबा डॉक्टरांनाच नको म्हणाले.

भाजायचं काम माझ्याकडे आलं. मला ते नीट येतं, पण मी मुद्दाम चुकायचो, कारण चूक दिसली की बाबांच्या अंगात जीव यायचा.

"रामिरो, गाढवा! जाडं मीठ मुठीने टाक. गाईला पावडर लावतोयस का?"

आई खूश व्हायची. "आज दोनदा ओरडले. तब्येत सुधारतेय."

या रविवारी मी कमाल केली. मीठ टाकलंच नाही आणि एक बाजू कोळसा होईपर्यंत मांस उलटलं नाही. तो तुकडा बाबांना वाढला. त्यांनी एक घास बराच वेळ चावला.

"छान झालंय, पोरा," ते म्हणाले आणि आमच्याकडे भाजणाऱ्याच्या कौतुकासाठी वाजवतात तशा टाळ्या वाजवू लागले.

"बाबा, मीठ नाहीये त्यात," मी म्हणालो. तुकडा उलटून काळी बाजूही दाखवली. "बघा तरी!"

त्यांनी बघितलं, मान डोलावली आणि पुन्हा टाळ्या वाजवल्या, अगदी हळू.