पाचवा नकार

वैभवीने काजलच्या हातातला फॉर्म उलटला आणि शेवटच्या दोन चौकटींवर बोट ठेवलं. एक ‘होय’ची, दुसरी ‘नाही’ची.

धंतोलीतल्या त्या खासगी दवाखान्यात कर्मचाऱ्यांच्या फाइली वैभवी सांभाळायची. त्यांच्या आरोग्य तपासणीचे अहवाल आणि मोबाइलवरून कळणारं ठिकाण दवाखान्याने वापरावं, यासाठी प्रत्येकाची संमती घ्यायचं काम तिच्याकडे आलं होतं.

काजल अतिदक्षता विभागातली नर्स. कॉलेजात असताना तिला फिट यायची. गोळ्या सुरू झाल्यापासून सहा वर्षांत एकदाही आली नव्हती. इथे हे फक्त वैभवीला ठाऊक होतं.

“ताई, नाही म्हटलं तर काढतीन का मले?”

“काहून काढतीन वं? संमती म्हणजे आपली मर्जी. नकाराचा काही परिणाम होणार नाही, असं लिहूनच आहे ना.”

काजलने ती ओळ दोनदा वाचली आणि ‘नाही’वर खूण केली. पाठोपाठ आया यमुताई, प्रयोगशाळेतला विहंग आणि लिफ्टवरचे रुपराव यांनीही. प्रत्येकाने आधी वैभवीच्या तोंडाकडे पाहिलं होतं.

दुपारी ती गठ्ठा घेऊन व्यवस्थापक मनोहररावांच्या खोलीत गेली.

“चौघांनी नकार दिला, सर. त्यांचे अहवाल वगळायला सांगते.”

“वगळायचं काही नाही.” मनोहररावांनी चौघांचे फॉर्म तेवढे ओढून घेतले. “नोकरीच्या कामासाठी, दवाखान्याचं नुकसान टळावं म्हणून माहिती वापरायची, तर संमती लागतच नाही. कायद्यात तशी सोय आहे. वकिलांनी गेल्या महिन्यातच लिहून दिलं.”

“मग हे फॉर्म कशासाठी भरून घेतले?”

त्यांनी पेनाचं टोपण लावलं.

“झाकण्यासारखं कोणाकडे आहे, ते कसं कळणार?”

वैभवीने उरलेला गठ्ठा उचलला. ते पुढे म्हणाले,

“सोमवारी या चौघांची वैद्यकीय तपासणी. पहिली ही नर्स. पत्रं तूच टाइप कर. लोक तुझं ऐकतात, म्हणून तर तुला दिलं हे काम.”

ती जिना चढून वर गेली. काजल भिवापूरच्या एका म्हाताऱ्याला उठवून बसवत होती. वैभवीने तिला दाराबाहेर बोलावलं आणि सगळं सांगितलं.

काजलने हातमोजे काढले, पुन्हा चढवले.

“मंग आता होय लिहून देऊ का?”

“आता उपयोग नाही. माझंच चुकलं, काजल.”

“पेशंट थांबून राहिला,” एवढंच बोलून काजल आत गेली.

खाली येऊन वैभवीने कोरा फॉर्म घेतला. तिला कसला आजार नव्हता, झाकावं असं काहीच नव्हतं. नाव लिहिलं, ‘नाही’वर खूण केली आणि तो कागद नेऊन मनोहररावांच्या टेबलावर ठेवला.

त्यांनी नाव वाचलं. रागावले नाहीत. फोन उचलून टायपिस्टला शांतपणे म्हणाले,

“शामला, जरा माझ्या खोलीत ये. पाच पत्रं टाइप करायची आहेत.”