खुडूक बसलेली बॅटरी

मी एक जुनी इन्व्हर्टरची बॅटरी आहे, मित्रांनो. जुनी म्हणताच तुमच्या डोळ्यांत कणव आली असेल, तर ती आवरा. मी अजून कामावर आहे. करमाडात येऊन विचारा, धोंडिबांच्या घरात सगळ्यांत खमकं कोण? पहिलं नाव पारूबाईंचं सांगतील आणि दुसरं माझं.

माझा जन्म कारखान्यातला. शिशाच्या पट्ट्या एकमेकींशेजारी उभ्या केल्या, पोटात तेजाब ओतलं, वर सहा झाकणं लावली. तेजाब म्हणजे अ‍ॅसिड. आमच्याकडची जुनी माणसं अजून तेजाबच म्हणतात. मला उचलायला दोन गडी लागतात, हे मी थोड्या अभिमानानंच सांगते. धोंडिबा आणि पारूबाईंचा मुलगा सम्यक शेंद्र्याच्या कंपनीत कामाला लागला आणि त्यानं मला घरी आणलं. सोबत माझा जोडीदार इन्व्हर्टर होता. माझ्यातली वीज तो घराला चालेल अशी करून देतो. त्याला लाल-हिरवे दिवे आहेत, तो पी-पी ओरडतो, म्हणून लोक नाव त्याचं घेतात. ओझं मात्र मी वाहते. संसारात असं चालायचंच.

पण मला आल्या दिवसापासून मखरात बसवलं. पारूबाईंनी माझ्यावर विणलेला रुमाल घातला आणि बटण बंद करून टाकलं.

"लई मोलाची हाय. रोज वापरली तर झिजंल," त्या म्हणाल्या. "पाव्हणे आले की लावू. जयंतीला लावू."

चांगल्या कपबशा, नवी सतरंजी, सगळं त्या असंच जपत. त्यामुळे मला फक्त भीमजयंतीला मान मिळे. लाईट गेली तरी तसबिरींवरच्या दिव्यांची माळ माझ्या जोरावर झगमगे आणि पारूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत, "आपल्या बॅटरीवर हाय ते!" मी फुलून जात असे. दुसऱ्या दिवशी पुन्हा बटण बंद. उरलेलं वर्षभर लाईट गेली की घरात मेणबत्ती पेटे आणि मी कोपऱ्यात, असून अडचण नसून खोळंबा.

मित्रांनो, कपबशी कपाटात ठेवली तर नवी राहते. बॅटरीचं तसं नसतं. नुसती ठेवली तरी तिच्यातली वीज हळूहळू ओसरते. मग शिशावर पांढरा थर चढतो, आणि तो चढला की पुढं वीज भरायला गेलं तरी पोटात जागा उरत नाही. मी बसल्या बसल्या म्हातारी होत होते. फार वाईट वाटायचं. कुणी टाकून दिलं असतं तर निदान रागावता आलं असतं; इथं तर सगळे जपत होते.

मग सम्यकचं लग्न झालं आणि चितेगावची निशा सून म्हणून घरात आली. अंडी उबवायचं मशीन चालवायला ती माहेरी शिकली होती. तिनं तसं मशीन इथं आणलं. मशीन म्हणजे एक बंद पेटी, आत कोंबडीच्या पोटाइतकी ऊब. गल्लीतल्या बायकांनी आपापल्या गावरान कोंबड्यांची अंडी बटईनं दिली. शेत जसं बटईनं देतात तसंच हे. पिल्लं निघाली की निम्मी अंडीवालीची, निम्मी निशाची.

पारूबाईंना हे काही पटेना. "खुडूक कोंबडी अंड्यावर मायेनं बसती," त्या म्हणाल्या. "उठत नाय, धड खात नाय. तुझ्या पेटीला कुठली आली माया?"

"पेटीला नसू द्या, आत्या. मला हाय की," निशा हसून म्हणाली.

माया असली तरी लाईट लागतेच, आणि ती आमच्याकडं लहर येईल तशी जाते. निशाची नजर माझ्यावर पडली. तिनं रुमाल उचलला, झाकणं उघडली. पाणी पार खाली गेलेलं. धोंडिबा हौसेनं पिण्याच्या पाण्याचा जार घेऊन आले. "याच्याहून चोख पानी गावात नाय," म्हणत ते ओतणार, तोच निशानं त्यांचा हात धरला.

"मामा, तिला आपलं पानी चालत नाय. तिचं येगळं असतं."

बॅटरीचं पाणी आलं. मग गॅरेजवाल्यानं मला अगदी दमादमानं चार्ज केलं. घाई केली असती तर मी मेलेच असते. पूर्वीची सगळी ताकद काही आली नाही, पण उठून कामाला लागण्याइतकी आली. त्या दिवसापासून माझं बटण बंद झालं नाही. लाईट जायची, मी पेटी सांभाळायची. लाईट यायची, मी पुन्हा भरून घ्यायची. मित्रांनो, काम करून थकण्यात जे सुख आहे, ते मखरात नाही!

आणि मग वैशाखात ते वादळ आलं. पत्रे उडाले, झाडं पडली, विजेचे खांब रांगेनं आडवे झाले. सम्यक कंपनीतच अडकला. खांब नवे उभे राहीपर्यंत लाईट विसरा, असा निरोप आला. पेटीतल्या अंड्यांमध्ये तेव्हा पिल्लं पुरी वाढलेली होती, बाहेर पडायला दोन-चार दिवसच उरले होते. ऊब गेली असती तर ती कवचातच संपली असती. त्यातली काही अंडी शेजारच्या कडूबाईंची. त्यांची बोडक्या मानेची एकुलती एक कोंबडी मधल्या काळात मुंगसानं नेली होती. तिचा वंश आता फक्त आमच्या पेटीत होता, आणि निशानं कडूबाईंना शब्द दिला होता.

मी कामाला लागले. पण इन्व्हर्टर सुरू आहे हे कळताच गल्लीतली माणसं हातात चार्जर घेऊन दारात उभी. घरात धोंडिबा पंख्याकडं आशेनं बघत होते. निशा पडली नवी सून, कुणाला नाही कसं म्हणणार? तेव्हा पारूबाई उठल्या आणि उंबऱ्यात ठाण मांडून बसल्या.

"आधी आंडी. मोबाईल नाय, टीव्ही नाय, पंखा बी नाय!"

"अगं, जीव उकडून निघाला," धोंडिबा म्हणाले.

"तुम्हाला उकडतंय, आंड्यांला गारठा लागल. कुनाचं बगू?"

धोंडिबा हातपंखा शोधायला गेले. ज्या बाईनं मला एवढी वर्षं बसवून ठेवलं, तीच आता माझ्या विजेचा थेंब थेंब राखत होती. माझा सगळा राग तिथंच विरघळला.

पण राखून राखून किती राखणार? सकाळपर्यंत माझा दम संपत आला आणि जोडीदार पी-पी करू लागला. मंडपवाल्याचं जनरेटर मागवलं, तर ते पेट्रोलसाठी अडून बसलं आणि पंपावर ही गर्दी. शाळेवरचे सोलरचे पत्रे वादळानं उडवलेले. निशाचा चेहरा उतरला. पारूबाईंनी पदर खोचला आणि कडूबाईंच्या मुलाला, सांडूला, हाक मारली.

"सांडू, ट्रॅक्टर दारात आन."

"ट्रॅक्टरनं आंडी उबवता व्हय, मावशी?" सांडू हसायला लागला.

"व्हय, उबवते! तुझ्या मायची बी हायेत त्यात. हसू नको, आन."

ट्रॅक्टर आला. निशानं जाड वायरी जोडल्या, लालला लाल, काळीला काळी. सांडूनं इंजिन सुरू केलं आणि त्याची वीज माझ्या अंगात उतरू लागली. तहानलेल्याला पाणी मिळावं तसं झालं मला. मग रोज सकाळ-संध्याकाळ ट्रॅक्टर आमच्या दारात धडधडू लागला. मध्ये मी क्षीण झाले की निशा पेटीवर गोधड्या पांघरायची. डिझेल संपत आलं तेव्हा ज्यांची अंडी होती त्यांनी आपापल्या घरातून कॅन आणले. पट्ट्यांवरचा तो जुना थर मला पूर्ण भरू देत नव्हता, तरी मी एकदाही पेटी थंड पडू दिली नाही.

एका दुपारी पारूबाईंनी सहज माझ्या अंगावर हात ठेवला आणि चटकन मागं घेतला.

"गरम लागती गं! निशा, ही तर खुडूक बसली!"

सासू-सुना पोट धरून हसल्या. मला आजवर मिळालेल्या पदव्यांत ही सगळ्यांत मोठी आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेटीतून बारीक टकटक ऐकू आली. एका अंड्याला भेग गेली, मग दुसऱ्याला. दुपारपर्यंत पेटीत नुसता चिवचिवाट! गल्लीतल्या बायका टोपल्या घेऊन धावल्या. कडूबाईंनी एक पिल्लू तळहातावर घेतलं. त्याची मान बोडकी होती. पिल्लू गालाला लावून त्या डोळे पुसत उभ्या राहिल्या. पारूबाईंनी सगळ्यांसमोर सुनेच्या पाठीवर हात ठेवला. "माझी सून हाय," एवढंच म्हणाल्या.

तेवढ्यात लाईट आली. बाहेर पोरांनी "आली, आली!" म्हणून गल्ली डोक्यावर घेतली. आमच्या घरात एकाचीही मान वर झाली नाही. थोड्या वेळानं धोंडिबांच्या लक्षात आलं आणि त्यांचा हात माझ्या बटणाकडं गेला.

"लई राबली बिचारी. आता बंद करून आराम देतो."

"हात लावू नका!" पारूबाई कडाडल्या. "आराम कशाचा? कामाची हाय ती. कामात ऱ्हाऊ द्या."

मित्रांनो, तहान लागल्यावर विहीर खणू नका. बॅटरी असो, जनरेटर असो, सोलर असो, तुमच्या घरातलं जे असेल ते आजच चालवून बघा. त्याला हवं ते पाणी, तेल वेळेवर द्या. अंधार पडला तर आधी काय चालवायचं आणि कुणाला नाही म्हणायचं, हेही घरात ठरवून ठेवा. आणि माझ्यासारखी एखादी कोपऱ्यात दिसली, तर तिच्यावर एवढीच माया करा, की तिला रोज थोडं दमू द्या.