जड झालेली बॅग

आमच्या घरातली फरशी फार घसरडी आहे. निदान वैभवी वहिनीकडे बघून नंदनवन वस्तीतल्या आमच्या अख्ख्या गल्लीला तसंच वाटत असेल. कधी तिचा डोळा काळानिळा, कधी ओठ फाटलेला, आणि कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं: बाथरूममध्ये घसरली.

तिला घसरवणारा माझा सख्खा भाऊ. अमोल मौद्याकडे एका कंत्राटदाराकडे रात्रपाळी करतो. तिथे सुपरवायझरपुढे मान वर करत नाही आणि घरी आला की बायकोची मान धरून भिंतीवर आपटतो. बाबाही असेच होते. बाबा गेले आणि आईचा मार थांबला, अमोलचं लग्न झालं आणि तोच मार वहिनीच्या वाट्याला आला. आई काय म्हणायची, तर "सहन करा लागते वं बाईच्या जातीले." हे ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

दिवाळीनंतर वहिनी एकदा सुटकेस घेऊन निघालीही होती. चंद्रपूरला तिची मावशी आहे, तिच्याकडे जायचं होतं. पण गल्लीच्या तोंडाशी कवडूचा पानठेला. कवडू अमोलचा जिगरी दोस्त, त्यानं लगेच फोन लावला. अमोलनं तिला ऑटोतून केस धरून ओढलं. सुटकेस रस्त्यावर फुटली, पोलकी-परकर सगळ्यांच्या पायांत आले. शेजारचे एक काका ते कपडे उचलून देत होते, अगदी घडी घालून! अमोलचा हात धरायला मात्र कुणी पुढे झालं नाही. घरी आणून त्यानं तिचा हात दाराच्या फटीत धरला आणि दार लावलं. हाडाचा तो आवाज मी ऐकला. मी मध्ये पडले तर मला फ्रीजवर भिरकावलं. वहिनीची दोन बोटं तेव्हापासून सरळ होत नाहीत.

तेव्हा मी ठरवलं, सुटकेस पुन्हा नाही. वहिनी या घरातून जाईल ती माझ्या जिमच्या बॅगेतून.

मी इतवारीत भांड्यांच्या ठोक दुकानात बिलिंगला आहे. दुकान उघडायच्या आधी जिम करते, लेडीज बॅच. घरी परत यायला वेळ नसतो, म्हणून सगळं सोबत घेऊन निघते. संध्याकाळीच बॅग भरून स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवायची: बूट, टॉवेल, दुकानाचा ड्रेस इस्त्री करून गुंडाळलेला, कंगवा, पावडर, भिजवलेले चणे. सकाळी आई त्यात पोळीभाजीचा डबा टाकते. निळी, फुगलेली, घामाचा वास मारणारी ती बॅग कवडूनं इतकी वर्षं बघितली होती की आता त्याला ती दिसतही नव्हती.

म्हणून मी टॉवेलात एकेक वस्तू गुंडाळायला लागले. आज वहिनीची एक साडी, उद्या तिचं आधार कार्ड, परवा बारावीची मार्कशीट, मग तिच्या आईचा फोटो. जिममध्ये आपापलं कुलूप लावायचे लॉकर आहेत. आमची ट्रेनर नूपुर, तिला मी सगळं सांगितलं होतं. तिनं कोपऱ्यातला एक लॉकर आमच्यासाठी मोकळा करून दिला. "हळूहळू भर," म्हणाली, "घाई करशील तर पकडल्या जाशील." थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात, तसं वहिनीचं सामान त्या लॉकरमध्ये साचत गेलं.

सगळं नीट चाललं होतं आणि एका संध्याकाळी आईनं बॅगेतला टॉवेल उचलला. तो उलगडला आणि वहिनीचं हिरवं पोलकं खाली पडलं.

मी दारातच उभी. आईनं पोलकं उचललं, उलटसुलट बघितलं, पुन्हा टॉवेलात गुंडाळलं आणि म्हणाली, "टॉवेलाची घडी नीट घालत जाय वं." बस, एवढंच.

आई ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती गप्प राहिली, आणि आमच्या घरात गप्प राहिलेलं माणूस नंतर अमोलशीच बोलतं, असा माझा अनुभव. ती पानाचा डबा मांडीवर घेऊन बसली. पितळेचा जुना, जाडजूड डबा, तिच्या आईकडून आलेला. तो सोडून आई शेजारी हळदीकुंकवालाही जात नाही. सुपारी कातरताना तिचा अडकित्ता अडखळत होता. मनगट सुजून निळं झालं होतं.

"हे काय झालं?" मी विचारलं.

"नळावर घसरली बाप्पा. वय झालं आता."

"चष्मा कायले घेऊन देल्ला तुले? लावत जाय नं!" मी खेकसले. माझं सगळं लक्ष त्या पोलक्यावर होतं. आता थांबायचं नाही, उद्याच वहिनीला काढायचं, हे मी तिथल्या तिथे ठरवलं. अमोल ड्यूटीवर गेलेलाच होता, तो सकाळी सातनंतरच घरी यायचा.

सकाळी मी आईला म्हटलं, "वहिनीले आज जिमच्या ट्रायलले नेतो. पाठ दुखते म्हणते."

वहिनी माझी जुनी ट्रॅकपँट घालून दाराशी उभी होती. आईनं तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "ने," म्हणाली. मग बॅग माझ्या हातात देताना तिनं विचारलं, "किती वाजेपर्यंत राहता जिमवर?"

चोराच्या मनात चांदणं! मला वाटलं, म्हातारी पोराला सांगायला वेळ विचारून राहिली. चंद्रपूरच्या गाडीला वेळ होता आणि स्टेशनवर उघड्यावर थांबणं धोक्याचं, म्हणून आम्ही सातपर्यंत जिममध्ये थांबणार होतो. मी बेधडक खोटं बोलले. "आठ. आठच्या आधी नाही निघत."

"आठ," आई पुटपुटली. "बॅग जड हाय आज. सांभाळून ने."

खरंच जड होती. पट्टा खांद्यात रुतत होता. मी आत बघितलं नाही, कारण तोंड फिरवून कधी एकदा तिथून सुटते असं झालं होतं.

कवडू ठेला उघडत होता. त्यानं मान वर केली, वहिनीच्या पायातल्या बुटांकडे बघितलं आणि पुन्हा मान खाली घातली. मला हायसं वाटलं. केवढी मूर्ख मी!

जिममध्ये लॉकर उघडून आम्ही सामान एका साध्या पिशवीत भरलं. जयवंताबाई नावाच्या एक बाई आमच्या बॅचला आहेत, गुडघेदुखीसाठी येतात, अंगानं दणकट. त्यांनी वहिनीला आपल्या डब्यातला उपमा बळंच खायला लावला. वहिनी खाता खाता रडत होती आणि हसतही होती. तिला हसताना मी फार दिवसांनी बघत होते.

तेवढ्यात जिन्यावर बूट वाजले.

अमोल ड्यूटीच्या कपड्यांतच आला. त्याच्या शर्टावर रक्ताचे शिंतोडे होते आणि उजव्या हाताची बोटं रक्तानं माखलेली. अजून आम्ही त्याला हात लावला नव्हता. घाईत कुठेतरी पडला असेल, असं मला वाटलं आणि मनातून बरंही वाटलं.

"ओ भाऊ, लेडीज बॅच हाय," नूपुर आडवी गेली. त्यानं तिला ढकललं, ती वजनांच्या स्टँडवर जाऊन पडली.

"कुठी चालली वं? चंद्रपूरले?" तो वहिनीला म्हणाला, अगदी हळू आवाजात. मग माझ्याकडे बघून हसला. "म्हातारीजवळूनच येऊन राहिलो मी. सारं समजलं मले."

सांगितलं म्हातारीनं! त्या क्षणी मला अमोलपेक्षा आईचा जास्त राग आला, हे खरं आहे.

त्यानं वहिनीच्या पोटात लाथ घातली. उपम्याचा डबा उडाला. ती दुमडली तशी त्यानं तिचे केस मुठीत धरले आणि तिचं तोंड समोरच्या आरशावर आपटलं. आरसा तडकला. त्यानं पुन्हा मागे ओढून आपटलं. आरशाच्या तड्यांतून रक्त खाली ओघळायला लागलं. जयवंताबाईंनी त्याच्या पाठीत गुद्दे घातले, त्यानं कोपर मागे हाणला तशा त्या नाक धरून बसल्या. मी त्याच्या दंडाला लोंबकळले, दात रोवले, घामाची आणि ग्रीसची चव तोंडात आली. त्यानं मला झटकलं आणि माझ्या छातीवर पाय दिला. श्वासच बंद झाला.

"दादा, मरन ते," मी कशीबशी म्हणाले.

"मरू दे."

तो तिसऱ्यांदा तिचं डोकं मागे ओढत होता. माझ्या हाताला बॅगेचा पट्टा लागला. इतकी वर्षं मी रोज जे काही उचललं, ओढलं, ढकललं होतं, ते सगळं एकवटून मी उठले आणि ती बॅग दोन्ही हातांनी गरकन फिरवून त्याच्या कानशिलावर हाणली.

ठण्ण!

तो बाजूला कोलमडला. उठायला लागला तर मी पुन्हा हाणली, या वेळी जबड्यावर. दात जमिनीवर पडलेला बघितला मी. तिसऱ्यांदा हाणली तेव्हा तो पडलेलाच होता. चौथ्यांदा उचलली तर नूपुरनं माझे हात धरले. "बस, श्वेता! बस! मरून जाईल तो!" तो मरू नये असं मला अजिबात वाटत नव्हतं. जयवंताबाई नाकातलं रक्त पुसत आल्या आणि सरळ त्याच्या पाठीवर बसल्या. "हाल आता," म्हणाल्या, "हालून दाखव." तो कण्हत होता. नूपुर पोलिसांना फोन लावत होती. मी वहिनीचं डोकं मांडीवर घेतलं. कपाळ फाटलं होतं, पण ती डोळे उघडून माझ्याकडे बघत होती.

आणि मग मला तो आवाज आठवला. ठण्ण.

माझा डबा स्टीलचा आहे. स्टील असं वाजत नाही. दिवसभर भांड्यांत बसणारी बाई मी, पितळेचा आवाज झोपेतही ओळखेन.

मी बॅगेची चेन उघडली. पोळीभाजीचा डबा वरच होता. त्याच्याखाली आईचा पानाचा डबा, एका कोपऱ्यात चेपलेला. डब्याखाली आईची दोन लुगडी, घडी घातलेली, अगदी नीट. त्यांत बीपीच्या गोळ्यांचं पाकीट आणि चष्मा.

मी ते सगळं बघत बसले. पानाचा डबा सोडून आई कुठे जात नाही. डबा बॅगेत आहे, म्हणजे आई येणार होती. आमच्यासोबत. म्हणूनच तिनं विचारलं होतं, किती वाजेपर्यंत. आणि ते सुजलेलं मनगट. आमच्या घरात आजवर कोण खरंखुरं घसरलं होतं? वहिनीच्या घसरण्यावर मी दात-ओठ खायची आणि आईचं घसरणं मी एका शब्दात मानून टाकलं, वर तिलाच चष्म्यावरून झापलं!

मग मला अमोलच्या बोटांवरचं रक्त आठवलं.

"वहिनीले एकटं सोडू नका," एवढं नूपुरला सांगून मी पानाचा डबा उचलला आणि पळत सुटले. कवडू ठेल्यावरून काहीतरी बोलला. मी थांबले नाही, नाहीतर तो डबा त्याच्याही तोंडात बसला असता.

घराचं दार उघडंच होतं. देवापुढे दिवा लावलेला. आई स्वयंपाकघरात ओट्याला टेकून जमिनीवर बसली होती. पदर तोंडाला लावलेला, आणि पदर लालभडक. समोरचे दात गेले होते. एक डोळा पूर्ण मिटला होता. अंगावर बाहेर जायचं लुगडं होतं आणि पायांत चपला. घरात आई कधी चपला घालत नाही.

"मी नाई सांगतलं वं त्याले," ती बोलली, शब्द फुटत नव्हते नीट. "कवडूनं फोन केला. ड्यूटी संपवून तो इथं जवळच, पारडीत उतरला होता बसमधून. मले इचारलं कुठी गेल्या, मी नाई सांगतलं. मंग त्यानं..."

"माहीत हाय आई. माहीत हाय मले."

"तू आठ म्हटलं होतं नं. मले वाटलं लय टाइम हाय. म्हणून दिवा लावत बसली."

मी सात म्हटलं असतं, खरं बोलले असते, तर आई तो यायच्या आधीच घराबाहेर पडली असती. मी तिच्यासमोर बसले आणि मोठ्यानं रडले. आईला सॉरी म्हणायची आमच्याकडे पद्धत नाही. मी नुसता डबा तिच्या मांडीवर ठेवला.

तिनं उघड्या डोळ्यानं तो बघितला. चेपलेल्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. तिथे बॅगेच्या कापडातून झिरपलेलं रक्त लागलं होतं.

"कोनाचं?"

"दादाचं."

पोटचा पोरगा तो. आईनं पदराचा कोरडा कोपरा शोधला आणि डबा पुसायला लागली, सणाला पुसते तसा, कडेकडेनं.

"जिता हाय?"

"हाव."

"बरं," ती म्हणाली. मग तिनं डबा काखेत धरला आणि माझ्यापुढे हात केला. तोच, निळ्या मनगटाचा. मी मनगटाला न धरता तिच्या दोन्ही काखांत हात घातले आणि गुडघ्यांवर जोर देऊन तिला उचललं.

"दवाखान्यात जाऊ आधी," मी म्हटलं.

"जाऊ नं," आई म्हणाली. "पण पयले जिमवर चाल. वैभवी एकटी हाय तिथं."