सतराव्या मजल्यावरचं हलणं

छबुबाईला आधी वाटलं, आपलंच डोकं फिरतंय. आखाडाचा वारा सुटला होता. बीडच्या बायपासला उभ्या असलेल्या सतरा मजली इमारतीत, सगळ्यात वरच्या घरात, ती देवापुढं बसली होती. खिडक्या बंद होत्या, तरी पाळण्यात बसल्यागत होत होतं. तिनं दोन्ही हात फरशीला टेकले.

नवरा गेल्यावर मुलगा युवराजनं लिंबागणेशचं घर विकून तिला इथं आणलं होतं आणि स्वतः कॅनडाला परत गेला होता. इमारतीत राहती बिऱ्हाडं मोजकीच, तीही खालच्या मजल्यांवर. वरचे मजले, तिचं घर सोडून, आतल्या भिंतींविना तसेच मोकळे पडले होते. लिफ्टमधून वर येताना तिला कधी कुणी भेटायचं नाही.

"युवराज, घर हलतंय रे," तिनं फोनवर सांगितलं.

"आई, बिल्डिंग कशी हलेल? चक्कर येतेय तुला."

युवराजनं फोनवरूनच गाडी ठरवली. अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात तिचे कान तपासले, मान तपासली, डोक्याचे फोटो काढले. काहीच निघालं नाही. वयानं होतं म्हणून गोळ्या दिल्या. युवराज रोज सकाळ-संध्याकाळ फोन करून विचारू लागला, गोळी घेतलीस का? हळूहळू छबुबाईलाही स्वतःची खात्री वाटेना. वारा सुटला की ती मुकाट्यानं दाराची चौकट धरून बसायची.

मग एके दिवशी गच्चीवर काम करणारे गवंडी घाबरून खाली उतरले, आणि बिल्डरनं पुण्याहून इंजिनियर बोलावली. नाजिया तिचं नाव. बीडच्याच एका मेकॅनिकची मुलगी. तिनं गच्चीवर हातभर अंतरानं हलणं मोजणाऱ्या दोन डब्या ठेवल्या, तिसरी छबुबाईच्या बैठकीत.

"मावशी, उंच इमारत वाऱ्यानं हलतेच. मला बघायचंय ती थांबते कशी."

"म्हंजी?"

"झोका देऊन सोडला की हळूहळू थांबतो ना? एखादा लवकर थांबतो, एखादा लई वेळ घेतो. त्या थांबण्याला आम्ही डॅम्पिंग म्हणतो. बांधताना ते अंदाजानं धरतात. खरं किती, ते मोजल्यावरच कळतं."

छबुबाईनं त्यातलं एकच ऐकलं. "म्हंजी हलतंय? खरंच?"

"हो, मावशी."

तिनं पदर डोळ्यांना लावला. "मी येडी न्हाई म्हन की."

पहिल्या दिवशी वारा पडला. थोडक्या नोंदीवरून काढलेला आकडा फसवा असतो, म्हणून नाजियाला थांबावं लागलं. लिफ्टचे हादरे मोजणीत मिसळू नयेत म्हणून लिफ्टही बंद ठेवली होती. त्यामुळं ती दिवसभर वरच असायची. छबुबाई भाकरी थापायची, शेंगदाण्याची चटणी वाढायची.

"तू उतरलीस कुठं?"

"लॉजवर."

"आपल्याच गावात? कावून गं?"

"अब्बा गेले, भाऊ औरंगाबादला गेला. घर राहिलं नाही इथं." नाजियानं भाकरीचा तुकडा मोडला. छबुबाईनं तिच्या ताटात अजून अर्धी भाकरी वाढली. मग वारा आला, आणि दोघींना तो एकदमच जाणवला.

आठवडाभरानं मोजणी पुरी झाली. इमारत पडणार नव्हती. पण हेलकावा धरलेल्या अंदाजापेक्षा फार उशिरा विरत होता. मोकळ्या मजल्यांवर भिंती उठल्या, माणसं-सामान आलं, तर थोडा फरक पडेल. शिवाय गच्चीवर हेलकावा शोषणारी पाण्याची खास टाकी बांधावी लागेल, असं नाजियानं सांगितलं. तोवर छबुबाईला दुसऱ्या मजल्यावर हलवा, असं तिनं बिल्डरला बजावलं. जाताना छबुबाईनं तिच्या पिशवीत चटणीची पुडी कोंबली.

दुसऱ्या मजल्यावर काही हलत नव्हतं. गोळ्या बंद झाल्या. युवराजला हायसं वाटलं. "बरं झालं आई, प्रश्न मिटला," म्हणाला, आणि त्याचे फोन रविवारवर आले. नाजियाला छबुबाईनं दोनदा फोन केला. एकदा ती बोलली, मनापासून बोलली. दुसऱ्यांदा उचलला नाही. कामात असेल. दुपारभर छबुबाई खिडकीत बसून बायपासच्या गाड्या बघायची. आजारी होते तेव्हा कुणीतरी विचारायचं तरी, असं मनात आलं आणि तिचं तिलाच वाईट वाटलं.

दसरा झाल्यावर तिनं घराला कुलूप लावलं आणि लिंबागणेशला नणंदेकडं, कौसाबाईकडं गेली. तीही एकटीच होती. "रहा की चार दिवस," ती म्हणाली. ते चार दिवस सरले, तरी कुणी जायचं नाव काढलं नाही.

रविवारी युवराजचा फोन आला. "आई, बरी आहेस ना? घरीच आहेस?"

अंगणात कौसाबाई शेंगा फोडत होती. छबुबाईनं तिच्याकडं पाहिलं.

"व्हय बाबा, घरीच हाय."

फोन ठेवून ती सुपाशी येऊन बसली.

"खोटं कावून बोललीस?" कौसाबाईनं विचारलं.

"त्यानं कुठलं घर, ते कुठं इचारलं?" छबुबाई म्हणाली आणि मूठभर शेंगा उचलल्या.