फक्त एकच आकडा

पक्षाच्या कचेरीत पत्रकं, भाषणं, जाहीरनामे लिहायचं काम माझं. बारा वर्षांपूर्वी पक्ष मूठभर होता, तेव्हा 'पसंतीक्रमाने मतदान हवं' ही पुस्तिका मीच लिहिली. मतदाराने उमेदवारांपुढे एक, दोन, तीन असे आकडे लिहायचे. पहिल्या पसंतीचा माणूस बाद झाला तर मत दुसऱ्या पसंतीला जाणार. ती पुस्तिका ताईने पायाचे तुकडे पडेपर्यंत दारोदार वाटली. ताई म्हणजे माझी सख्खी बहीण, दवाखान्यात नर्स. आई गेल्यावर माझा शाळेचा डबा तीच भरायची.

पुढे पक्ष फोफावला आणि जुनीच पद्धत नेत्यांना गोड वाटू लागली. अध्यक्ष म्हणाले, "आता त्याच्या उलट लिहा." मी लिहिलं. कोलांटउडी मारायला मला दोन दिवस पुरले. ताईने दोन्ही पुस्तिका शेजारी ठेवून वाचल्या, "भाषा तीच आहे की रे, धाकट्या," एवढंच म्हणाली आणि पक्ष सोडला. माझ्याशी बोलणं मात्र सोडलं नाही.

आमच्या विरोधाला कुणी भीक घातली नाही, पसंतीक्रमाचा कायदा झालाच. यंदा नव्या पद्धतीने पहिली निवडणूक झाली आणि आमच्या प्रभागातून ताई एका चिमुकल्या पक्षाकडून उभी राहिली. अध्यक्षांनी फर्मान काढलं, "आपल्या लोकांनी फक्त एक लिहायचं. दुसरी पसंती कुणालाही द्यायची नाही." घोषणा पुन्हा माझीच: 'फक्त एकच आकडा, बाकी रकाने कोरे!' पोरासोरांच्या तोंडी बसली. नको तेव्हाच माझं लिखाण लोकांना आवडतं.

मतदानाला गेलो. पुठ्ठ्याच्या आडोशामागे दोरीला बांधलेली पेन्सिल होती. आमच्या उमेदवारापुढे एक लिहिला. मग ताईच्या नावापुढे पेन्सिल धरून उभा राहिलो. बघणारं कुणी नव्हतं. अध्यक्ष तर गावातही नव्हते. तरी मी पेन्सिल खाली ठेवली आणि कागद पेटीत टाकला. याला मी निष्ठा म्हणत होतो. खरं तर सवयीने शेपूट घातलं होतं.

दुसऱ्या दिवशी मोजणीच्या टेबलाशी पक्षाचा प्रतिनिधी म्हणून मीच बसलो होतो. आमचा माणूस तिसरा आला आणि बाद झाला. त्याच्या मतपत्रिका पुन्हा उघडल्या गेल्या. कारकून एकेक उचलून म्हणत होता, "पुढे कोरी. पुढे कोरी." चारशे बारा कोऱ्या निघाल्या. त्यांतली माझी कुठली, ते ओळखू येईना. ताई सत्तावीस मतांनी पडली.

संध्याकाळी तिच्याकडे गेलो. ती स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती, पायात अजून चपला होत्या. मला बघून तिने चहाचं आधण ठेवलं.

"सत्तावीस रे," ती म्हणाली. "आमच्या एका वॉर्डात तेवढ्या खाटा असतात."

"ताई, ती घोषणा..."

"तुझीच. कळलं मला. तुझ्याशिवाय इतकं नेटकं कोण लिहिणार?" ती हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"पण एक सांगते. दवाखान्यातल्या बायका मला चिडवत होत्या, सख्ख्या भावाचंही मत नाही म्हणून. मी म्हटलं, पहिलं मत त्याच्या पक्षाला जाणार, ते मी मागणारही नाही. पण आत गेल्यावर दुसरं तो मलाच देणार. लोकांना काहीही लिहून देऊ दे." तिने चहा गाळला आणि कप माझ्या हातात ठेवला. "दिलंस ना?"

बारा वर्षांत पक्षासाठी मी काय काय खोटं लिहिलं, पण तिच्यासमोर कधी खोटं बोललो नव्हतो.

"दिलं," मी म्हणालो.

"मग झालं तर," ती म्हणाली आणि चपला काढायला बाहेर गेली.